जे दिसतं तेच काढायचं

सोमवार, ६ ऑक्टोबर

मुलीने वाढदिवसाला दिलेली ही वही सात महिने कपाटात पडून होती. आज काढली. पानांवरच्या रेघा इतक्या फिकट छापल्यात की असून नसल्यासारख्या. हल्ली कुणालाच काम नीट करायचं नसतं. शेवटी खोक्यांवर पत्ते लिहायला वापरतात तसलं जाड काळं पेन आणलं आणि रेघांना रामराम ठोकला.

वही काढायचं कारण म्हणजे उद्यान खात्याचं पत्र आलंय. टेकडीवरचा फलक बदलायचा आहे. तो फलक एकतीस वर्षांपूर्वी मी काढला. माथ्यावर कठड्याला लागून दगडी चौथरा, त्यावर अर्धगोल पितळी पत्रा आणि पत्र्यावर समोर दिसणारं अख्खं जुनं शहर रेषांत कोरलेलं. नदी, दगडी पूल, वेस, घड्याळाचा मनोरा, धान्यबाजाराचा घुमट, गिरणीची चिमणी, प्रत्येकाखाली त्याचं नाव. माणसाने आधी फलकाकडे बघायचं, मग शहराकडे बघायचं. याहून सोपं काम माणसाला कुणी दिलं नसेल. पण लोकांनी एकतीस वर्षं त्यावर कोपरं टेकली, पोरं बसवली, किल्लीने स्वतःची नावं कोरली. आता घुमट कुठे संपतो आणि कुणाचं प्रेम कुठे सुरू होतं ते कळत नाही.

पत्रात लिहिलंय, "मूळ आरेखक हयात असल्याचे समजले." समजले म्हणे! जणू मी कुठल्या उत्खननात सापडलो.

पुढची ओळ त्याहून भारी. माझं नवं रेखाटन शहर नकाशा कचेरीचे प्रमुख तपासणार. हे प्रमुख म्हणजे कंपासपेटी. बावीस वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली लागला तेव्हा पहिल्याच दिवशी शाळकरी पोरांची पत्र्याची कंपासपेटी घेऊन आला होता. तेव्हापासून तेच नाव. पेन्सिलीला टोक कसं काढायचं इथपासून ज्याला शिकवलं, तो आता माझं काम तपासणार. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही अशी.

ही म्हणाली, "जमेल ना तुम्हाला? एवढ्या पायऱ्या आहेत."

चारशे बारा आहेत. डोळे मिटून चढेन म्हणालो.

बुधवार, ८ ऑक्टोबर

आज चढलो. ही पण आली. बोलावलं नव्हतं. आयुष्यभर पायऱ्या म्हटलं की हिचे गुडघे दुखायचे, आज कुठे गेले कोण जाणे. वर माझ्या डाव्या दंडाला धरून चालत होती. म्हणे पायऱ्यांची भीती वाटते. लग्नाला सदतीस वर्षं झाल्यावर बाई बिलगायला लागली आहे. चारचौघांत मला अवघडल्यासारखं झालं, पण हात काही सोडेना.

टेकडीवर पहाटे येणाऱ्या प्रजेबद्दल काय लिहावं? अर्धे लोक मनगटावरच्या पट्टीत पावलं मोजत होते. एक जण तर माथ्यावर पोचल्यावर जागच्या जागी नाचत होता, कारण त्याची तीनशे पावलं कमी भरली. उरलेले अर्धे शहराकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. आठशे वर्षांचं शहर मागे उभं, आणि हे आपलं नाक बघण्यात गुंग. यांच्यासाठी फलक काढायचा!

आणि चालायची रीत तर कुणाला उरलेलीच नाही. डावीकडून लोक सरळ अंगावर येतात. एक बाई धडकली, वर मलाच म्हणते, "आजोबा, बघून चाला ना." चोराच्या उलट्या बोंबा. हिने तिची माफी मागितली. कशाबद्दल, ते हिलाच ठाऊक.

शहरावर धुकं होतं. हवा इतकी बिघडली आहे की नदीपलीकडचं सगळं दुधात बुडवल्यासारखं. फक्त घड्याळाचा मनोरा त्या धुक्यातूनही काळाकभिन्न वर आलेला दिसला. जुन्या लोकांचं काम! नऊचे ठोके मात्र ऐकू आले नाहीत. वारा उलटा असेल, नाहीतर घड्याळ राखणारा झोपला असेल. ही म्हणाली, "अहो, त्या मनोऱ्याचं..." मी म्हणालो, मनोऱ्याचं तू मला सांगू नकोस, त्याची उंची मी स्वतः तीनदा मोजली आहे.

शनिवार, ११ ऑक्टोबर

मुलीचा फोन आला. तिने परस्पर डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली होती, तिसऱ्यांदा. मी तिसऱ्यांदा रद्द करायला सांगितली.

"बाबा, आई म्हणत होती तुम्ही परवा चहाचा कप टेबलाबाहेर ठेवला."

कप मी बरोबर ठेवला होता. टेबल हिने केर काढताना सरकवलं होतं, आणि सरकवलेलं टेबल पुन्हा जागेवर लावायची पद्धत या घरात नाही. तसंच दाराचं, तसंच कपाटाच्या उघड्या झडपेचं. दोन्ही मायलेकी मिळून मला म्हातारा करायला टपलेल्या आहेत. पेपर बंद केला तेव्हासुद्धा हेच. छपाई भिकार झाली म्हणून उन्हाळ्याआधी पेपर बंद केला, तर यांचं म्हणणं, डोळे दाखवा. उद्या पाऊस पडला तरी म्हणतील डोळे दाखवा.

तरी रोजची कटकट मिटावी म्हणून हिला एक शब्द देऊन टाकला. म्हणालो, "हे बघ, माझं चित्र कंपासपेटीकडे जाईल. त्याने त्यात एक चूक काढली, एकच, तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येईन. नाही काढली, तर या घरात डोळा हा शब्द पुन्हा निघता कामा नये."

ही थोडा वेळ भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, "शब्द म्हणजे शब्द ना?"

"चौतीस वर्षं नकाशे काढलेत मी. माझी रेघ कधी बदलली आहे का?"

"तेच तर," म्हणाली.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

काम सुरू केलं. चौथऱ्याशेजारी घडीची खुर्ची टाकून बसतो. मांडीवर फळी, फळीवर कागद. कागद हल्ली इतका चमकतो की नाक टेकेपर्यंत वाकावं लागतं. हात मात्र जागच्या जागी आहे. वेशीच्या कमानीची रेघ एका दमात आली, थरथर नावाला नाही.

कंपासपेटीची आठवण येत होती. त्याचं याच टेकडीवरून काढलेलं पहिलं चित्र मी सगळ्या कचेरीसमोर टराटरा फाडलं होतं. त्याने पुलाला सहा कमानी काढल्या होत्या. पुलाला सहा कमानी आहेतच, पण इथून दिसतात पाच. सहावी गिरणीच्या आड जाते. मी विचारलं, "सहावी कुठे दिसली?" म्हणाला, "साहेब, पुलाला सहा आहेत हे माहीत आहे ना." म्हणालो, "तुला काय माहीत आहे ते कोण विचारतंय? जे दिसतं तेच काढायचं. आणि न दिसणारं दाखवायची एवढी खाज असेल, तर तुटक रेषेत दाखव आणि खाली टीप दे. लोकांना फसवू नकोस." पोरगं रडायच्या बेताला आलं होतं. पण त्यानंतर त्याच्या हातून तशी चूक झाली नाही. नंतर सौम्य वागणारे साहेब पुष्कळ आले. त्यांच्या हाताखालचे लोक आज कुठे आहेत?

आज मनोरा काढायला घेतला. खालचा चौकोनी पाया, त्यावर आठ बाजूंचा मजला, घड्याळाची तबकडी, वरची दगडी कळी. धुकं होतंच, पण मनोऱ्याला मी आईच्या चेहऱ्यासारखा ओळखतो.

एक पावलं-मोज्या मागे येऊन वाकून बघायला लागला. म्हणाला, "मस्तच हो आजोबा! पण हा मनोरा..."

"काय मनोरा?"

"नाही, म्हणजे तो आता..."

मी पेन्सिलीने समोर दाखवलं. "तो काय, समोर उभा आहे. डोळे फुटले का तुमचे?"

तो तोंड उघडून काहीतरी बोलणार होता. मग माझ्या डावीकडे, जिथे ही बसली होती, तिकडे बघून एकदम गप्प झाला आणि निघून गेला. शरम वाटली असेल. बायकोसमोर बोलणी खायची वेळ आली की भल्याभल्यांची वाचा जाते.

रविवार, १९ ऑक्टोबर

तीन दिवस गेलो नाही. गुरुवारी उतरताना पडलो. दोनशे सोळावी पायरी नवी बसवली आहे आणि बसवणाऱ्या गाढवाने ती चार बोटं वर ठेवली. चारशे बारा पायऱ्या माझ्या पायांना पाठ आहेत, त्यातली एक कुणीतरी न विचारता बदलायची म्हणजे काय? हिचा हात त्या क्षणी सुटलेला होता. तहान लागली म्हणून मीच हिला पुढे वाटेवरच्या चहावालीकडे पाणी आणायला पाठवलं होतं.

गुडघा सोलला. मला लागलं त्यापेक्षा हिचा चेहरा बघून जास्त राग आला. पायरीवर बसून रडत होती. दुसऱ्यांच्या पायऱ्यांसाठी एवढं रडायचं काय कारण?

लिहायला नको, पण लिहितो, वही कोण वाचणार आहे. पडलो तेव्हा पायरी मला दिसली नव्हती. म्हणजे सावलीत होती. सकाळी साडेनऊला सावली असतेच.

बुधवार, २२ ऑक्टोबर

चित्र पूर्ण झालं. घरी आणून शाईने पक्कं केलं आणि जेवणाच्या टेबलावर पसरलं. खोटा विनय मला जमत नाही. उत्तम झालं आहे. एकतीस वर्षांपूर्वीपेक्षा रेघ शांत झाली आहे.

हिला बोलावलं. ही चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. नदीपासून सुरू करून सावकाश बोट फिरवत चालली होती. बोट मध्येच एका जागी थांबलं आणि तिथेच राहिलं. हिला नकाशातलं ओ की ठो कळत नाही. मांजराला आरसा दाखवावा तसं.

"कसं आहे?" मी विचारलं.

ही म्हणाली, "तुम्ही काढलंय म्हणजे बरोबरच असणार. मी काय सांगू?"

सदतीस वर्षांनी का होईना, बाईला स्वतःची पायरी कळली. मला बरं वाटलं. चित्र गुंडाळून नळीत घालायचं काम हिनेच मागून घेतलं, झाकणही हिनेच घट्ट लावलं. मग पोचवायलाही स्वतःच गेली. आल्यावर जेवली नाही, डोकं दुखतंय म्हणाली.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

कंपासपेटीकडून काही नाही. सहा दिवस झाले. चूक सापडत नसेल, म्हणून शोधत बसला असेल. शोध म्हणावं.

ही रोज विचारते, "आलं का काही?" माझ्या चित्राची हिला एवढी काळजी आधी कधी नव्हती.

सोमवार, ३ नोव्हेंबर

आजचं सगळं लिहून ठेवायचं आहे.

संध्याकाळी पाचला कंपासपेटी स्वतः घरी आला. केस पांढरे झालेत म्हणे, हिने सांगितलं. आवाज तोच, अजूनही परवानगी मागितल्यासारखा. नळी टेबलावर ठेवली. मी सरळ विचारलं, "किती चुका?"

"एकही नाही साहेब," तो म्हणाला. "असं काम आता होत नाही. कोरणाऱ्याकडे असंच पाठवतो."

मी हिच्याकडे वळलो. म्हणालो, "ऐकलंस? चहा टाक. आणि फोन करून तुझ्या लेकीला सांग, डोळा हा शब्द आजपासून बंद."

ही जागची हलली नाही. खुर्चीची पाठ धरून उभी होती एवढं कळलं. मला नाही, त्याला म्हणाली, "तुम्ही नीट बघितलंत?"

"हो वहिनी."

"मग मनोरा?"

मी म्हणालो, "मनोऱ्याचं काय?"

कंपासपेटी घाईघाईने म्हणाला, "असू दे हो वहिनी. दोन वर्षांत परत उभा राहणारच आहे. फलक तर पुढची तीस वर्षं राहणार. उलट बरंच झालं, साहेबांच्या हातचा मनोरा..."

"परत उभा राहणार म्हणजे?" मी विचारलं.

मग हिने सांगितलं, मुलाला सांगावं तसं, एकेक शब्द. मार्चमध्ये मनोऱ्याला तडा गेला. वरची कळी, तबकडी, आठ बाजूंचा मजला, सगळं उतरवलं. प्रत्येक दगडावर आकडा टाकून नदीकाठच्या मैदानात मांडून ठेवलंय. जागेवर फक्त पाया आहे आणि पायाशेजारी दगड उतरवायला आणलेली क्रेन आहे, काळी, उंच.

आठ महिने. सगळ्या शहराला माहीत. त्या पावलं-मोज्याला माहीत. मी त्या क्रेनचं कौतुक करत होतो. जुन्या लोकांचं काम म्हणून.

मी हिला विचारलं, "तुला हे चित्र बघितलंस तेव्हाच कळलं होतं?"

"हो."

"बारा दिवस?"

"बारा दिवस."

"सगळ्यांसमोर माझं हसं करायचं होतं तुला?"

"तुम्हाला डॉक्टरकडे न्यायचं होतं," ही म्हणाली. आवाज चढला होता, हिचा आवाज मी कधी चढलेला ऐकलेला नाही. "मुलीने सांगून झालं. मी सांगून झालं. तुम्ही पडलात तरी पायरीची चूक. तुम्ही आयुष्यात स्वतःच्या चुकीशिवाय कुणाचं ऐकलंय का? मग होऊ दिली एक. आणि यांनी ती पोटात घातली! म्हणून मलाच बोलावं लागलं. शब्द म्हणजे शब्द म्हणाला होतात."

कंपासपेटी खाली मान घालून बसला होता. असेल, मला तसं वाटलं. मी त्याला म्हणालो, "तुझी सहावी कमान मी फाडली होती. हे का नाही फाडलंस?"

तो म्हणाला, "साहेब, तुमचा कागद माझ्या हातून कसा फाटेल?"

दया दाखवायच्या लायकीचा झालेला साहेब. यापेक्षा फाडलं असतं तर बरं झालं असतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

हिच्याशी बोलत नाही. लाज वाटते आहे हे खरं, पण राग त्याहून मोठा आहे. ही समोर ताट ठेवते तेव्हा म्हणते, "ताटात बारा वाजता भाजी, सहा वाजता भात." घड्याळासारखं. हे कधीपासून चाललंय? आठवून बघितलं तर उन्हाळ्यापासून. मी समजत होतो बाईला नवं खूळ लागलंय.

ही डाव्या बाजूने का चालते हेही आज कळलं. मुद्दाम उभं राहून बघितलं. उजवा डोळा झाकला, तर सगळी खोली गेली.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

शब्द दिला होता म्हणून गेलो.

डॉक्टर काल दाढी करायला शिकलेला. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मळका. मग एका डब्यात डोकं घालायला लावलं. आत प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. ठिपके फारच थोडे आले. मी यंत्र चालवणाऱ्या बाईला म्हणालो, "तुमचं यंत्र बिघडलंय. पाच मिनिटांत एक ठिपका दाखवतं." ती म्हणाली, "काका, सत्तरच्या वर दाखवले."

डॉक्टरने बोलायला सुरुवात केली तेव्हा माझी वादाची पूर्ण तयारी होती. पण त्याने बोलायच्या आधी एक कागद माझ्यापुढे सरकवला. यंत्राने काढलेला. म्हणाला, "हा तुमच्या नजरेचा नकाशा. जिथे काळं आहे, तिथे तुम्हाला दिसत नाही."

मी कागद नाकाशी धरला. माणसं खोटं बोलतात, प्रेमाने तर जास्तच. नकाशाशी मी कधी वाद घातलेला नाही. डावा डोळा सगळा काळा. उजव्यात मधोमध तेवढा रुपयाएवढा पांढरा तुकडा, आणि तोही एका कडेने कुरतडलेला.

डोळ्यातला दाब वाढत गेला, म्हणाला, आतली नस मरत गेली. दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंबांनी टिकवता येईल, रोज, वेळच्या वेळी, जन्मभर. मी विचारलं, "अजून सहा महिने आलो नसतो तर?"

"तर हा पांढरा तुकडाही काळा झाला असता."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, म्हणतात. माझ्याकडे दोन होते, मी हट्टाने एक घालवला आणि दुसरा घालवायला निघालो होतो. लोकांच्या फिकट छपाईला हसत. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी कचेरीत किती जणांना ऐकवली असेल!

बाहेर आल्यावर पायऱ्या होत्या. ही डाव्या बाजूला आली. मी हात दिला. बोललो नाही, पण दिला.

सोमवार, १० नोव्हेंबर

कंपासपेटीला बोलावून घेतलं. म्हणालो, चित्र परत दे, मनोरा मी स्वतः खरवडणार. पातं घेऊन बसलो. पण रेषेवर पातं टेकवायचं तर रेष नीट दिसायला हवी, आणि तो रुपयाएवढा तुकडा एका जागी ठरेना. दोनदा प्रयत्न केला. मग पातं त्याच्या हातात दिलं.

त्याने पाया तेवढा ठेवला. वरचं सगळं इतकं हलक्या हाताने काढलं की कागदाला ओरखडा नाही. बोट फिरवून खात्री केली. एवढं मी त्याला शिकवलं नव्हतं.

मग तो घुटमळला. "साहेब, एक विचारू? तुटक रेषेत ठेवू का? आणि खाली टीप?"

मी म्हणालो, "नियम आहे तो. विचारतोस काय?"

त्याने माझ्यासमोर रेघ ओढली. मी ऐकत बसलो. पेन उचलल्याचा आणि टेकल्याचा आवाज येतो, टक, टक, मध्ये जागा सोडून. ही दारात उभी राहून बघत होती. मी विचारलं, "सरळ येते आहे का?" आठवडाभरात हिला उद्देशून हा पहिला शब्द. म्हणाली, "येते आहे. पण थोडी डावीकडे झुकते." तो चमकून थांबला. पट्टी लावून बघितली, खरंच झुकत होती.

या चित्राआधी सदतीस वर्षं मी हिला एकही नकाशा दाखवला नव्हता.

रविवार, १४ डिसेंबर

फलक बसला. कार्यक्रम वगैरे होता, उद्यान खात्याचे साहेब बोलले, अर्धा तास बोलले आणि फलकाकडे पाठ करून बोलले. आम्ही गेलो नाही. आज साध्या दिवसासारखे गेलो, दोघेच, चारशे बारा. दोनशे सोळावी अजून चार बोटं वर आहे. त्या गवंड्याला मी सोडणार नाही.

माथ्यावर तीच प्रजा. एक जण नाचत होता. दोघी फोटो काढताना नव्या फलकावर पिशव्या ठेवून उभ्या होत्या. मी पिशव्या उचलून जमिनीवर ठेवल्या. त्यांनी काहीतरी म्हटलं, माझं लक्ष नव्हतं.

डोळ्यांनी बघायच्या आधी बोटांनी बघितलं. पितळ थंडगार होतं. नदी सापडली, पूल सापडला, पाच कमानी मोजल्या. मग वेस. वेशीपुढे पाया, आणि पायाच्या वर रेष तुटते, पुन्हा येते, पुन्हा तुटते, थेट कळीपर्यंत. कोरणाऱ्याने सगळे तुकडे सारखे ठेवलेत. खाली टीप: घड्याळाचा मनोरा, सध्या उतरवलेला.

ही म्हणाली, "बरोबर आहे ना?"

"तू सांग. मी कशाला सांगू?"

मग हिने सांगायला सुरुवात केली. हिचं वर्णन म्हणजे अज्ञानाचा कळस. घुमट म्हणजे उपडं घातलेलं पातेलं. चिमणीचा धूर म्हणजे कुणीतरी उशी फाडलीय. दोनदा मी म्हणालो, अंतर सांग, दिशा सांग, स्वयंपाकघर सांगू नकोस. पण धुकं आहे का विचारलं, तेव्हा हिने खरं सांगितलं. म्हणाली, "अहो, नाही. आठ दिवस एवढं स्वच्छ पडलंय की मैदानातले ते दगडसुद्धा मोजता येतील."

मी विचारलं, "आकडे टाकलेले?"

"आकडे इथून नाही दिसत. ते मला फक्त माहीत आहेत."

बाई नको तेवढी शिकते आहे.

कुठेतरी खाली नऊ वाजले असतील, ठोके नाहीत. हिने पिशवीतून बाटली काढली. औषधाची वेळ हिच्या मनगटात बसलेली आहे, पट्टी लागत नाही. मी कठड्याला टेकून मान मागे टाकली. मागे लोक चालत होते, कुणीतरी म्हणालं, आजोबांना काय झालं. होऊ दे.

पहिला थेंब पडला. ही म्हणाली, "अजून राग आहे?"

"आहे," मी म्हणालो. "डाव्यात कशाला फुकट घालवतेस? उजव्यात टाक."